पदवीचे मोल आणि पदवीवरचे कर्ज

बारावीचा निकाल लागल्यानंतर परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत एक मोठा आर्थिक व्यवहार सुरू होतो. त्याची नोंद मात्र कोणत्याही बाजार समितीच्या दप्तरात होत नाही. मोंढ्यात सोयाबीनचा भाव दररोज कळतो. कापसाची आधारभूत किंमत केंद्र सरकार हंगामाच्या तोंडावर जाहीर करते. परंतु तीन-चार वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून जी पदवी घ्यावयाची, ती घेऊन बाहेर पडलेल्यांना पहिल्या वर्षी काय मिळाले आणि त्यांच्या डोक्यावर कर्ज किती राहिले, हे विचारण्यासाठी पालकाने कोठे जावे याचे उत्तर कोणाजवळ नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत इमारतीचे छायाचित्र असते, संस्थापकांचा परिचय असतो, वसतिगृहाचे नियम असतात. मिळकतीचा आकडा तेवढा नसतो.

सामान्य कला शाखेच्या पदवीबद्दल असा प्रश्न विचारणे अनेकांना क्षुद्र वाटते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. शिक्षणाचे मोल केवळ पगारात मोजू नये, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु जो अभ्यासक्रम मुळात नोकरीचे आश्वासन देऊनच विकला जातो, ज्याच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के नोकरीची संधी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्याला तरी ही ढाल पुढे करता येणार नाही. आरोग्यसेवेशी संलग्न असलेले अभ्यासक्रम, म्हणजे ज्यांना सरसकट ‘पॅरामेडिकल’ म्हटले जाते ते, या वर्गात मोडतात. कोविडच्या साथीनंतर मराठवाड्यातील मध्यम व लहान शेतकरी कुटुंबांचा ओढा त्यांच्याकडे वाढला, यात नवल नाही. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत गुण कमी पडलेल्या मुलाला किंवा मुलीला पांढरा कोट घालण्याचा तो दुसरा मार्ग वाटतो. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या अपेक्षेला आणखी बळ आले.

हे क्षेत्र किती विस्तारले आहे याची कल्पना संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यावरून येते. त्याच्या अनुसूचीत दहा गटांत मिळून पन्नासांहून अधिक व्यवसाय नमूद आहेत. त्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, क्ष-किरण तंत्रज्ञ आहे, डायलिसिसचे यंत्र चालवणारा आहे आणि मेंदूचे विद्युत्तरंग टिपणाऱ्या तंत्रज्ञाच्या पंक्तीला ‘निद्रा-प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ हाही आहे. हा शेवटचा व्यवसाय परभणीच्या वाचकास अपरिचित वाटेल, पण विवेचनासाठी तोच सर्वांत सोयीचा आहे. घोरणाऱ्या आणि झोपेत ज्याचा श्वास वारंवार अडतो अशा रुग्णाला रात्रभर प्रयोगशाळेत झोपवून त्याच्या मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वासाचा वेग, रक्तातील प्राणवायू आणि हृदयाचे ठोके यांची अखंड नोंद ठेवावयाची, हे या तंत्रज्ञाचे काम. एका रात्री एका तंत्रज्ञाने साधारणतः दोनच रुग्णांवर लक्ष ठेवावे असा संकेत आहे. म्हणजे अशा नोकऱ्यांची संख्या प्रयोगशाळेतील खाटांच्या संख्येने बांधलेली असते. या खाटा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतील मोठ्या रुग्णालयांत असतात. शिवाय रुग्णाने घरीच लावून झोपावयाची छोटी उपकरणे आता आली असल्याने त्या खाटाही अमर्याद वाढतील असे समजण्याचे कारण नाही. जिंतूर किंवा पालमच्या मुलाने हे शिक्षण घेतले तर त्याला गावी परतण्याची वाट नाही, हे प्रवेश घेतानाच स्पष्ट असते. निदान ते असावयास हवे.

अमेरिकेत याच विषयाची पदविका दोन वर्षांत मिळते आणि पदवी चार वर्षांत. उत्तर कॅरोलिना राज्याच्या विद्यापीठात चेतानिदान आणि निद्राविज्ञान यांची संयुक्त पदवीही आहे. तथापि व्यवसायात ज्या नोंदणीस मान आहे तिची परीक्षा पदविकाधारक, पदवीधर आणि कामावर राहून शिकलेला अशा तिघांनाही खुली असते. तेव्हा विद्यार्थ्यापुढचा खरा प्रश्न असा उरतो की, अधिक दोन वर्षे आणि त्यासाठी काढलेले अधिक कर्ज यांची भरपाई पुढच्या पगारातून होते काय? या प्रश्नाला अमेरिकेत निदान एक सरकारी उत्तर आहे. तेथील शिक्षण खात्याने २०१५ मध्ये महाविद्यालयांची एक सार्वजनिक गुणपत्रिका सुरू केली आणि २०१९ पासून तीत प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमागे पदवीधरांची मिळकत आणि त्यांचे कर्ज असे दोन आकडे शेजारी शेजारी देण्यास प्रारंभ केला. ज्यांनी केंद्रीय मदत घेतली त्यांचीच गणना त्यात होते, हा दोष आहे. पण दोष दिसण्यासाठी आधी आकडा असावा लागतो.

आपल्याकडील आकडे तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या ज्या कंत्राटी जाहिराती निघत आल्या, त्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी दरमहा सतरा हजार रुपये आणि अधिपरिचारिकेसाठी वीस हजार रुपये हे मानधन वर्षानुवर्षे आढळते. एम.बी.बी.एस. डॉक्टरसाठी तोच आकडा साठ हजार असतो. आता या जाहिरातींतील पात्रतेचा रकाना पाहावा. अधिपरिचारिकेच्या पदास तीन वर्षांची जी.एन.एम. पदविकाही चालते आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवीही चालते. मानधन मात्र दोघींना एकच. राज्याच्या नियमित सेवेतही तेच. सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यात पदविका व पदवी असा भेद नाही. प्रयोगशाळेत डी.एम.एल.टी. झालेला मुलगा आणि तंत्रज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा एकाच टेबलाशी बसतात, यातही तेच चित्र आहे.

म्हणून पदवी वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतर्फे परिचर्या अधिकाऱ्यांसाठी जी सामायिक परीक्षा होते, तीत पदवीधर मुलगी थेट बसू शकते. पदविकाधारकास दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. पदव्युत्तर शिक्षणाचा आणि अध्यापनाचा दरवाजाही पदवीनेच उघडतो. सारांश, पदवीचा लाभ हा सर्वांना मिळणारा लाभ नसून स्पर्धेतून वर गेलेल्या थोड्यांना मिळणारा लाभ आहे. उरलेल्यांच्या वाट्याला पदविकेचाच पगार येतो, आणि खर्च तेवढा पदवीचा. जाहिरातीत दाखवले जाते ते पहिल्या प्रकारचे उदाहरण. कर्ज काढावयाचे ते दुसऱ्या प्रकाराच्या शक्यतेवर, हे शेतकरी बापाला कोणी सांगत नाही.

कर्जाचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये बँकेकडून घेतले आणि व्याजाचा दर दहा टक्के आहे. बँकांच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. पण व्याज थांबत नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस, असे एक लाख चाळीस हजार रुपये सरळव्याजानेच साचतात. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज पाच लाख चाळीस हजार झालेले असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ७,१३५ रुपये लागतात आणि पंधरा वर्षांत फेडावयाचे तर सुमारे ५,८००. सतरा हजारांच्या मानधनातून पहिला हप्ता दिला तर हाती पावणेदहा हजारांच्या आसपास उरतात. त्यात छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथील खोलीचे भाडे, मेस आणि सणावाराला गावी येण्याचे भाडे भागवावयाचे. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिना थोडा सुसह्य होतो. पण चार लाखांपोटी एकंदर दहा लाखांवर रक्कम मोजावी लागते आणि कर्ज फिटेतो मुलाची चाळिशी जवळ आलेली असते.

अमेरिकेच्या शासनाने २०१४ मध्ये, आणि ते नियम रद्द झाल्यावर पुन्हा २०२३ मध्ये, व्यावसायिक अभ्यासक्रमांना ज्या दोन कसोट्या लावल्या, त्यांपैकी एक अशी होती की पदवीधराचा वार्षिक कर्जहप्ता त्याच्या वार्षिक मिळकतीच्या आठ टक्क्यांहून अधिक नसावा. वरील उदाहरणात तो बेचाळीस टक्के आहे. नियमित सेवेतील ३५,४०० रुपयांच्या वेतनावरही तो वीस टक्के पडतो. उलटा हिशेब केला तर आठ टक्क्यांच्या मर्यादेत सतरा हजारांची नोकरी पंधरा वर्षांच्या मुदतीने जेमतेम सव्वा लाखाचे कर्ज पेलू शकते. परदेशी कसोटी येथे जशीच्या तशी लावणे योग्य नाही, असा आक्षेप घेता येईल. येथे मुलगा आईवडिलांच्या घरी राहू शकतो, पगार हळूहळू वाढतो, हे मान्य. परंतु अल्प मिळकतीच्या माणसाजवळ पोटाची सोय लावून उरणारा भाग टक्केवारीनेही कमीच असतो. त्यामुळे कसोटी बदलावयाचीच असेल तर ती सैल करण्याऐवजी कडक करावी लागेल.

आता प्रश्न असा की, परभणी जिल्ह्यात विद्यार्थ्यांवर असे कर्ज आहे तरी किती? बँकांच्या ‘शैक्षणिक कर्ज’ या रकान्यात पाहिले तर चित्र फारसे भीतिदायक दिसणार नाही. गोची येथेच आहे. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या कर्जाला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र खाते आहे. चार कोटींहून अधिक लोकांवर दीड लाख कोटी डॉलरपेक्षा अधिक कर्ज आहे हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. येथे तेच कर्ज दुसऱ्या नावाने नांदते. मुलाच्या फीसाठी आईच्या पाटल्या सोनेतारणात जातात आणि खातेवहीत ती रक्कम सोनेकर्ज म्हणून चढते. खरिपासाठी घेतलेल्या पीककर्जातील वीस-पंचवीस हजार वसतिगृहाच्या अनामत रकमेकडे वळतात आणि नोंद पीककर्जाची राहते. बचत गटाच्या हप्त्यातून परीक्षा शुल्क भरले जाते. मामाकडून आणलेल्या हातउसन्या पैशांची तर नोंदच नसते, आणि शेवटी एक एकर विकली गेली तर ती ‘जमीन हस्तांतरण’ या सदरात जमा होते. शिक्षणाचे कर्ज असे शेतीच्या कर्जात मिसळून गेल्यामुळे शेती तोट्यात का जाते याचाही हिशेब चुकतो आणि शिक्षण परवडते की नाही याचाही.

शेतीच्या मापाने तो खर्च मोजला तर अधिक उमगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. बाहेरगावी राहण्या-जेवण्याचा खर्च वर्षाला साठ हजार धरला तर त्यासाठी सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन, तेही पूर्ण हमीभावाने, विकले गेले पाहिजे. कोरडवाहू जमिनीत साधारण बऱ्या वर्षी दोन एकरांचे ते सगळे पीक झाले. बियाणे, फवारणी, कापणी आणि मळणी यांचा खर्च त्यातून वजा केलेला नाही. शिकवणी शुल्क अजून भरावयाचेच आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना सवलतीच्या काळातील व्याज केंद्राने भरण्याची योजना २००९ पासूनची आहे. वरील उदाहरणात ती लाभली तर कर्ज चार लाखांवरच थांबते आणि दहा वर्षांचा हप्ता ७,१३५ वरून ५,२८५ वर येतो. पण तोही सतरा हजारांच्या एकतीस टक्के आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना अधिक उदार आहे. तथापि ती राष्ट्रीय मानांकनात वर आलेल्या संस्थांपुरती आहे आणि आरंभी अशा संस्था देशभरात ८६० होत्या. तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या इमारतीत चालणारे महाविद्यालय त्या यादीत असण्याचा संभव नाही. अडचणीतला विद्यार्थी मात्र बहुधा तेथेच असतो. राज्याने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, ही त्यातल्या त्यात सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणावी लागेल. घरात एकाच्याच शिक्षणाला पैसे पुरतील अशा वेळी मुलीचा क्रमांक मागे पडत असे, तेथे या निर्णयाने पारडे थोडे तरी फिरवले. परंतु संस्थास्तरावरील कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही, आणि खोली व मेस यांचा खर्च तसाच राहतो.

या सर्व योजना पुरवठ्याच्या बाजूच्या आहेत. शिकण्यासाठी पैसा कसा मिळेल हे त्या पाहतात. शिकून काय मिळेल हे त्यांपैकी एकही विचारत नाही. पैसा सुलभ झाला आणि माहिती तशीच दुर्लभ राहिली, तर जागा वाढतात, फी वाढते आणि पगार आहे तेथेच राहतो. कृषी पदवीचे उदाहरण परभणीकरांच्या डोळ्यांसमोर आहे. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कृषी पदवीधरांची राज्याला वाण होती. पुढे खासगी कृषी महाविद्यालयांची संख्या शासकीय महाविद्यालयांच्या कितीतरी पुढे गेली. चार वर्षांची पदवी घेतलेली मुले आज परभणीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेली असतात. त्यांच्यापैकी काही ज्या कृषी सेवकाच्या पदासाठी धडपडतात, त्याचे मानधन २०२३ पर्यंत दरमहा सहा हजार रुपये होते. त्या वर्षी ते सोळा हजार झाले. शासनाने २०२४ मध्ये युवकांसाठी कार्यप्रशिक्षण योजना आणली तेव्हा बारावी उत्तीर्णास सहा हजार आणि पदवीधरास दहा हजार असे विद्यावेतन ठरवले. महाविद्यालयात काढलेल्या तीन-चार वर्षांची ही जणू अधिकृत किंमत झाली: महिन्याला चार हजार.

ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर १९६९ मध्ये एक ग्रंथ लिहिला होता. मालक मंडळी पदवीचा उपयोग चाळणीसारखा करतात, चाळणी बारीक होत जाते तसतशी मुले अधिक वरची पदवी घेऊ लागतात आणि नोकरीची वाट पाहण्याचा खर्च कुटुंब सोसत राहते, असे त्यातील निदान होते. अर्धशतक उलटून गेले. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत देशातील एकूण बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के आहे, आणि पंधरा ते एकोणतीस या वयोगटात ते १०.२ टक्के. ज्याला वाट पाहणे परवडत नाही तो शेतात किंवा रोजंदारीवर जातो व बेकार म्हणून मोजला जात नाही. ज्याच्या मागे घर उभे आहे तो वाट पाहतो. वाट पाहण्याचाही खर्च वर सांगितलेल्या न दिसणाऱ्या कर्जातच मिळतो.

माहिती गोळा करणे अशक्य आहे, असे सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. राष्ट्रीय मानांकनासाठी अर्ज करणाऱ्या संस्था किती पदवीधरांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे आजही कळवतात. परंतु तो आकडा अभ्यासक्रमवार नसतो. तीन वर्षांच्या सर्व पदव्या एका रकान्यात आणि चार वर्षांच्या दुसऱ्या, अशी ती मांडणी आहे. त्यातही मध्यक निघतो तो नोकरी लागलेल्यांचाच. शंभरांपैकी वीस जणांना नोकरी लागली तर त्या विसांच्या मधल्याचा पगार जाहीर होतो आणि ऐंशी जण हिशेबाबाहेर राहतात. आपल्या मुलाचा क्रमांक त्या विसांत असेल की ऐंशीत, हे पालकाला हवे असते, आणि नेमके तेच या आकड्यातून निघत नाही.

शिष्यवृत्तीच्या निमित्ताने राज्याच्या महाडीबीटी यंत्रणेकडे प्रत्येक लाभार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम आणि महाविद्यालय यांची नोंद असते. भविष्य निर्वाह निधीकडे नोकरदाराच्या वेतनाची नोंद असते. नावे वगळून या दोन नोंदी जुळवल्या तर अभ्यासक्रमवार मिळकत काढणे हे एका संगणक विभागाचे काम आहे. लहान खासगी रुग्णालयांतील व पॅथॉलॉजी प्रयोगशाळांतील अनेक तंत्रज्ञांचा भविष्य निर्वाह निधी कापलाच जात नाही, ही अडचण खरी आहे. पण कोणत्या अभ्यासक्रमाची किती मुले त्या नोंदीत सापडतच नाहीत, हीसुद्धा प्रवेश घेणाऱ्यासाठी मोलाची माहिती ठरेल. ज्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये सेवेत नियमित करावे म्हणून संप केला, त्यांच्या मानधनाचा तक्ता तर शासनाच्याच कपाटात आहे.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडला आहे आणि कृषी विद्यापीठ तर परभणीतच. तिन्ही विद्यापीठे दरवर्षी पदवीदान समारंभ करतात आणि पदवीचा अर्ज भरताना विद्यार्थ्याकडून आईच्या नावासह कितीतरी तपशील घेतात. त्या अर्जात शिक्षणासाठी कर्ज घेतले काय, कोणाकडून आणि किती, असे तीन रकाने वाढवावेत. एक वर्षाने त्याच पत्त्यावर दोन ओळींची चौकशी जावी. आणि जे महाविद्यालय मिळालेली माहिती अभ्यासक्रमवार आपल्या सूचनाफलकावर लावणार नाही, त्याच्या वाढीव जागांचा प्रस्ताव त्या वर्षी विचारात घेऊ नये. जागा वाढवून देण्याच्या वेळी संस्थांकडून इमारतीचे चौरस फूट विचारले जातात, ग्रंथालयातील पुस्तके मोजली जातात. मागच्या तुकडीचे काय झाले, हा प्रश्न त्या तपासणीच्या नमुन्यात घालण्यास नवा कायदाही लागणार नाही.